तिरक्या ओकवरचं मचाण

टोर्सन खोरं, विस्कॉन्सिन
२० सप्टेंबर १९९८

ओरिनमामा,

काल धनुष्याच्या शिकारीचा हंगाम उघडला. तुम्ही अ‍ॅरिझोनाला राहायला गेल्यापासूनचा हा तिसरा. तिन्ही वेळा मचाणावर चढताना मला वाटलं, खाली तुम्ही उभे आहात आणि ओरडताय, "आधी पट्टा बांध, मग नाक पूस." पट्टा आधी बांधला.

तुम्हाला सगळं कळवायचं ठरलं आहे, म्हणून क्रमानं लिहितो. मचाणांचे पट्टे ऑगस्टमध्ये बदलले. खारींनी एक कुरतडला होता. खालच्या कुंपणाच्या तारा ताणून घेतल्या. जुलैच्या वादळात वाटेवर पडलेली झाडं कापून लाकूड रचून ठेवलं आहे. विकलेलं नाही, कारण रान अजून तुमचं आहे.

यंदा पांढरे ओक फळांनी लगडलेत. त्यामुळं हरणं खालच्या सोयाबीनमध्ये कमी आणि आपल्या टेकडीवर जास्त. काल दोन माद्या पाडसांना घेऊन तिरक्या ओकच्या खालून गेल्या. मी धनुष्य उचललं नाही. एका पाडसाच्या अंगावरचे ठिपके अजून पुरते गेलेले नव्हते.

आणि फाटका, आपला तो जुना नर, जिवंत आहे. डावा कान तसाच चिरलेला. शिंगं आता दहा टोकांची आणि मुळाशी माझ्या मनगटाएवढी जाड. दिवस मावळायच्या आधी सोयाबीनच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला आणि वाऱ्यात नाक वर करून बराच वेळ थांबला. मी इतका पुढं वाकलो की मचाण करकरलं. तो बाणाच्या टप्प्याच्या फार बाहेर होता, तरी मी श्वास रोखून बसलो.

एक विचारायचं होतं. इथून जाण्याआधीच्या नाताळात, जेवणाच्या टेबलावर, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की आर्लन, टेकडी सांभाळ, मी वसंतात येऊन कागद करून देतो, ती तुझीच. तीन वसंत गेले. घाई नाही. पण आईचा जन्म त्या टेकडीखालचा, आणि झऱ्याजवळ छोटं घर बांधून तिला परत तिथं न्यावं असं माझ्या मनात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी वकिलाकडं विचारून ठेवू का, की तुम्ही आल्यावरच बघायचं?

आई म्हणते, ओरिनला विचार, तिकडं ऊन फुकट मिळतं की विकत.

तुमचा भाचा
आर्लन

*

मेसा, अ‍ॅरिझोना
२९ सप्टेंबर

आर्लन, पोरा,

तुझ्या आईला सांग, इथं ऊन फुकट आहे, सावलीचे पैसे पडतात.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा मुलगा ओल्या मोज्यांबद्दल लिहील तरी लोक ऐकत बसतील. दहावीत शाळा सोडलेल्या माणसानं इतकं बिनचूक लिहू नये रे, आम्हा शिकलेल्यांची पंचाईत होते. तुझ्या एका पत्रात खाडाखोड नाही, आणि माझ्या शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतो, त्याला 'वाढदिवस' लिहिताना घाम फुटतो.

माझ्या खिडकीतून काय दिसतं सांगू? खडी. अंगणात गवत नाही, खडी पसरलेली आहे. मुख्याध्यापक ती रविवारी झाडतो. खडी झाडतो! मग म्हाताऱ्यानं मनानं टेकडीवर जाऊ नये तर कुठं जावं?

पण तू हात आखडून लिहितोस. कुठल्या वाऱ्याला कुठल्या मचाणावर बसतोस? माद्या कोणत्या वाटेनं येतात? फाटका दिवसा कुठं पडून असतो? मला झाडागणिक लिही. डोळे मिटले की रान दिसलं पाहिजे. तिरका ओक, झरा, तो पडलेला एल्म, सगळं. मी विसरत चाललोय.

कागदांचं बघू. वकिलांना झोपेतून उठवलं की ते चिडतात आणि जास्त घेतात.

कंबर कुरकुरते. मामी पोहायला नेते, बदकासारखा पोहतो.

ओरिनमामा

*

टोर्सन खोरं
८ ऑक्टोबर

ओरिनमामा,

तुम्ही विसरत चालला आहात हे वाचून वाईट वाटलं. आता झाडागणिक लिहितो.

रानाच्या फाटकातून आत आल्यावर लाकूडवाट वर चढते. ती मी वापरत नाही, कारण सकाळी माद्या तिच्या वरच्या बाजूला असतात आणि बुटांचा वास दुपारपर्यंत राहतो. मी ओढ्यातून पाण्यात पाय टाकत जातो आणि झऱ्यापाशी बाहेर येतो. तिरका ओक तिथून वर, उतार जिथं थोडा सपाट होतो तिथं. त्यावरचं मचाण फक्त वायव्येच्या वाऱ्याला. पश्चिमेचा असेल तर हिकरीच्या झाडावरचं. दक्षिणेचा असेल तर मी घरीच बसतो आणि आईची बोलणी खातो. संध्याकाळी मात्र एक अडचण आहे. सूर्य गेला की थंड हवा उतारावरून खाली सरकायला लागते आणि माझा वास थेट झऱ्याकडं वाहून नेते. ओक तेवढ्यासाठी चांगला. तो उताराच्या कडेला झुकलेला आहे, तिथून वास दरीवरून निघून जातो, वाटेवर पडत नाही. हे मला कळायला दोन हंगाम लागले.

फाटका दिवसा पडलेल्या एल्मच्या मागं असतो. पाठ ओंडक्याला लावून, तोंड खाली. मागचं वारा सांगतो, पुढचं डोळे सांगतात. मी तिथं कधीही जात नाही. मार्चमध्ये, त्याची शिंगं गळून पडल्यावर, एकदा गेलो होतो. वाळलेल्या पानांत त्याच्या अंगाचा खळगा होता. ते त्याचं घर आहे. एकदा कोणी तिथं पाऊल टाकलं की तो ती जागा सोडेल, म्हणून हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, आर्डिसच्या बारमध्ये तर मुळीच नाही.

आईची तक्रार अशी की मी कपडे खायच्या सोड्यात धुतो आणि बाहेर पानांत पुरून ठेवतो, पण अंगाला चीजच्या कारखान्याचा वास येतोच. "हरणांना वाटत असेल, चला, जेवण झाडावर टांगलंय," म्हणाली.

एक कळवायचं राहिलं. मंगळवारी कामावरून येताना फाटकापाशी एक पांढरी गाडी उभी होती. दोन माणसं उतरून टेकडीकडं बोट दाखवत होती. मी गाडी थांबवेपर्यंत ती निघून गेली. इथली नव्हती, बुटांना चिखल नव्हता. तुम्हाला काही माहीत आहे का?

वकिलाकडं गेलो नाही. तुम्ही म्हणालात तसं.

आर्लन

*

मेसा
१६ ऑक्टोबर

पोरा,

शाबास. हे झालं पत्र! मी ते तीनदा वाचलं. थंड हवा उतारावरून सरकते ते वाचताना मला इथं, पस्तीस अंश उन्हात, मानेवर काटा आला.

गाडीचं मनावर घेऊ नकोस. वीज कंपनीची माणसं असतील. त्यांना खांब मोजायची भारी हौस.

माझं ऐक. यंदा फार रेंगाळू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. उद्या वारा बरा असेल, परवा त्याहून बरा असेल, असं करत तू डिसेंबर गाठतोस आणि मग बर्फात नाक गळत बसतोस. फाटक्याला नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारच्या आत उरक. नर माजावर येऊन दिवसाउजेडी हिंडायला लागतात ते दिवस. त्यानंतर कडाक्याची थंडी येणार, माझी कंबर सांगते. कामावरून सुट्टी घे. ऐकतोयस ना? शुक्रवारच्या आत.

आणि तो दिवसा दिसायला लागला की लगेच लिही. कुठल्या वाटेनं, किती वाजता.

व्हर्नाला म्हणावं, भावाची आठवण ठेव, शिव्या देताना तरी.

ओरिनमामा

*

टोर्सन खोरं
२६ ऑक्टोबर

ओरिनमामा,

तुमच्या कंबरेचा अंदाज बरोबर निघाला. काल ओढ्याच्या कडेला पहिला बर्फ धरला.

तुम्ही माझी इतकी काळजी करता हे आईला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "ओरिन काळजी करतो? लहानपणी शेवटचं बिस्किट खिशात घालून तो टेबलावर मोठ्यानं प्रार्थना म्हणायचा. सगळ्यांत मोठ्यानं." मी म्हटलं, असं बोलू नये. ती म्हणाली, "मी कुठं काही बोलतेय, मी बिस्किटाबद्दल सांगतेय."

मी पुढच्या सोमवारपासून आठवड्याची सुट्टी घेतली आहे. मुकादम म्हणाला, "लग्न आहे का?" मी म्हटलं, नाही, हरीण. तो म्हणाला, "मग हरकत नाही."

झाडांवर शिंगं घासल्याच्या खुणा आता तिरक्या ओकपासून झऱ्यापर्यंत ओळीनं आहेत. एक देवदार तर माझ्या मांडीएवढा, त्याची साल कंबरेइतक्या उंचीवर पार सोललेली. असं झाड दुसरा कोणी नर घासत नाही. काल दुपारी तीनच्या सुमारास फाटका एल्मकडून उठला, मादीचा माग धरून मान खाली घालून सपाट जागेवरून चालत गेला. टप्प्याबाहेर होता. पण दिवसा होता. तोच रस्ता धरला तर तो ओकच्या खालून जाईल.

झऱ्यावर पायपूल बांधला. लाकूड वादळातलं नाही. ते तुमचं, त्याला हात लावला नाही. फळ्या मी पगारातून आणल्या. खिळे मात्र तुमच्या कोठारातले जुने घेतले, ठोकून सरळ केले. आईचे गुडघे आता दगडांवरून जाऊ देत नाहीत. परवा तिला नेलं. पुलाच्या कडेवर बसून तिनं झऱ्यात हात घातला. आजोबा दुधाचे कॅन थंड करायला इथं आणायचे, एवढंच परतताना म्हणाली.

तुम्ही वसंतात आलात की त्याच पुलावर उभं राहून कागदांचं बोलू.

आर्लन

*

टोर्सन खोरं
६ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

ओरिनमामा,

बाण लागला आहे. हे मी स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे कारण मला काहीतरी करायला हवं.

वायव्येचा वारा होता. मी दुपारपासून तिरक्या ओकवर होतो. आधी मादी आली, शेपटी आडवी धरून, मागं बघत. मग तो. तोंड उघडं, मान ताणलेली, फाटका कान माझ्या बाजूला. ओरडल्यासारखा आवाज काढला मी, थांबावं म्हणून. तो थांबला. मी दोरी सोडली आणि त्याच क्षणी त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. बाण मागं लागला, मामा. फासळ्यांच्या मागं. त्यानं पाठ कमानीसारखी वाकवली आणि पळाला नाही, चालत गेला, झऱ्याच्या वरच्या अंगानं.

मी बाण शोधला. आरपार गेला होता. त्यावर रक्त कमी आणि हिरवट घाण, वास येणारी. पोटात लागला आहे.

तुम्ही शिकवलंत ते मी विसरलो नाही. चौदा वर्षांचा असताना मी माझ्या पहिल्या हरणामागं धावलो, त्याला उठवलं, आणि ते नदी ओलांडून गेलं ते कायमचं. तुम्ही चिडला नाहीत. डबा उघडून माझ्या हातात सँडविच दिलंत आणि म्हणालात, "पोटात लागलेलं हरीण लांब जात नाही. जवळच बसतं आणि मरायला वेळ घेतं. आपण वेळ द्यायचा. घरी जायचं, जेवायचं, उजाडल्यावर यायचं. मागं लागलास तर तू त्याला छळतोयस आणि स्वतःलाही."

म्हणून परत आलो. चोरपावलांनी, ओढ्यातून. आईनं बटाट्याचं सूप केलं होतं. दोन घास गेले नाहीत. ती म्हणाली, "खा, नाहीतर उद्या त्याला ओढणार कसा?"

तो कुठं बसला असेल ते मला ठाऊक आहे. तो घरीच गेला असणार.

तुम्ही शुक्रवारच्या आत म्हणाला होतात. शुक्रवारीच झालं. हे पत्र सकाळी जाता जाता टाकतो. पुढचं उद्या लिहीन, फाटक्याच्या शिंगांसकट.

आर्लन

*

टोर्सन खोरं
८ नोव्हेंबर

मामा,

काल सकाळी उजाडताना मी फाटकावर पोचलो. फाटकाला नवी साखळी आणि नवं कुलूप होतं. माझी किल्ली बसली नाही. शेजारी पिवळी पाटी होती: शिकारीसाठी भाड्यानं दिलेली जागा, परवानगीशिवाय प्रवेश नाही. खाली भाडेकरूचं नाव, डेनिस कुबियाक, मिल्वॉकी. त्याखाली मालकाचं. तुमचं.

मला वाटलं कोणीतरी खोटी पाटी लावली. मी आर्डिसच्या बारमध्ये जाऊन तुम्हाला फोन केला. मामींनी उचलला. म्हणाल्या, "ते पोहायला गेलेत रे, फोन पाण्यात कसा नेऊ?" मी म्हटलं, फक्त आत जायची परवानगी हवी आहे, माझं जखमी हरीण आत आहे. मग म्हणाल्या, "ते तू त्यांच्याशीच बोल." थोड्या वेळानं पुन्हा केला. कोणी उचलला नाही.

कायदा मला माहीत आहे. परवानगीशिवाय जखमी जनावरामागंही जाता येत नाही. कुंपण ओलांडता आलं असतं. तारा मीच ताणल्या होत्या, कुठं पाय ठेवला तर आवाज होत नाही तेही मला माहीत आहे. मी गाडीत बसून राहिलो. तुमची परवानगी येईल असं मला वाटत होतं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण वाटत होतं.

ऊन वर आल्यावर लाकूडवाटेनं चारचाकी शेतगाडी खाली आली. कुबियाक आणि त्याचा मेहुणा. मागं फाटका, जीभ बाहेर, शिंगाला शिकारीच्या परवान्याचा कागदी टॅग बांधलेला.

कुबियाक वाईट माणूस नाही. हेच मला सहन होत नाही. त्यानं हातमोजा काढून हात पुढं केला. "तू आर्लन! मला वाटलंच. अरे, तुझ्यामुळंच हा मिळाला!"

मी विचारलं, माझं नाव तुम्हाला कसं माहीत.

"तुझे मामा! फोनवर तुझी पत्रं वाचून दाखवायचे. आम्ही जेवताना स्पीकर लावून ऐकायचो. बायको म्हणाली, डेनिस, दुसरी जागा बघूच नकोस, हीच घे. 'पाठ ओंडक्याला लावून, तोंड खाली.' पाठ झालंय मला! सकाळी सरळ तिथंच गेलो, तर महाराज बसलेले."

मी सांगितलं, त्याला काल माझा बाण लागला आहे.

"हो, मागं एक भोक दिसलं खरं," तो म्हणाला. "पण मान वर होती रे त्याची. माझ्याकडं बघत होता. मी संपवला."

मेहुणा म्हणाला, "पोटातला बाण म्हणजे अर्धाच बाण, दादा. काल रात्रीच मागावर जायचं होतं. थांबलास कशाला?"

मी थांबलो कशाला, मामा?

मारलेल्या हरणाच्या नोंदणीसाठी ते आर्डिसच्या बारवरच गेले. मी मागून गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. आर्डिस नोंदणीचा धातूचा बिल्ला घेऊन बाहेर आली, तिनं फाटक्याला उलटा केला, पुढची जखम बघितली, मागची बघितली, तिथलं काळं वाळलेलं रक्त बोटानं खरवडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा कालच मेलेला होता, फक्त त्याला कळलं नव्हतं. या खोऱ्यात पहिला जीवघेणा बाण ज्याचा, हरीण त्याचं. हा आर्लनचा."

बारमधली माणसं दारात आली होती. सगळी माझ्याकडं बघत होती. कुबियाक हसला. "बाई, तुमच्या खोऱ्यातली रीत मला मान्य. पण टॅग माझा आणि जागाही माझी." मग त्यानं सगळ्यांना ब्रँडी सांगितली. मला म्हणाला, "मांस तू घे. मला शिंगंच हवीत." आतड्यातली घाण रात्रभर आत होती. मागचा अर्धा भाग हिरवा पडला होता. तेही त्याला माहीत नव्हतं.

माझा बाण गाडीत होता. वाळलेल्या घाणीसकट. तो आणून काउंटरवर ठेवायचा एवढंच करायचं होतं. मी ठेवला नाही. सगळे बघत असले की माझी जीभ उचलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, नको, मांस राहू द्या. आणि बाहेर आलो.

कुबियाक मागून आला. म्हणाला, "पूल मस्त बांधलायस. फक्त गाडी जात नाही त्यावरून. रुंद करता येईल का?"

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाण ठेवायचा होतास." नंतर ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "मला पुलावर नेलंस ते बरं केलंस," म्हणाली.

मला दुसरं काही विचारायचं नाही. भाडं सात तारखेपासून सुरू झालं, पाटीवर लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही शुक्रवार म्हणालात तेव्हा तुम्हाला तारीख माहीत होती. थंडीचं काही नव्हतं. कंबरेचंही नव्हतं.

आर्लन

*

मेसा
१७ नोव्हेंबर

आर्लन,

पत्राला उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं.

फोन वाजत होता तेव्हा मी घरातच होतो. शेजारच्या खोलीत. मामीला मीच सांगितलं काय बोलायचं ते. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझ्याकडून एवढं भाडं झालं नसतं, आणि मागायला माझी जीभ झाली नसती. मामीला इथल्या पाण्याच्या बाजूचं घर हवं आहे, जिथून खडी दिसत नाही. कुबियाकनं पाच वर्षांचं ठरवलं. पुढं विकत घ्यायचीही त्याची तयारी आहे. नाताळात मी जे बोललो ते मनापासून बोललो होतो. बोलताना नेहमी मनापासूनच असतं रे माझं. तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, निदान फाटका तुला मिळू दे, मग सांगू. शुक्रवार मी तुझ्यासाठीच काढून घेतला होता. कुबियाकला पहिल्या तारखेपासून हवं होतं. हे तू मोजत नसशील, पण मी मोजलं.

त्याला तू आवडलास. म्हणतो, टेकडी त्या मुलाइतकी कोणालाच ठाऊक नाही. हंगामात त्याची माणसं येतील तेव्हा तू त्यांना जागा दाखवायच्या, मचाणं बांधायची, आणि डिसेंबरमध्ये ती नसताना तुला एका मचाणावर बसता येईल. पगार देईल. आणि पूल रुंद करायचं बघ, फळ्या तो पाठवेल. वाईट नाही हे, आर्लन. विचार कर.

व्हर्नानं माझा फोन ठेवून दिला. तिचा हक्क आहे.

एक मागतो. पत्रं थांबवू नकोस. कुबियाकला नाही वाचून दाखवणार, शपथ. मी माझ्यासाठी मागतोय. सुरुवातीलाही ती माझ्यासाठीच होती, नंतर त्याच्या कामाला आली. मी तुझ्या पत्रांतून चालत जायचो रे. ओढ्यातून, झऱ्याकडून वर. मला आता दुसरा रस्ता नाही. डिसेंबरचा हंगाम उघडेल. बर्फावर माग स्वच्छ दिसतात. फाटक्याची जागा कोणी घेतली, एल्मच्या मागं आता कोण बसतं, एवढं तरी लिही. चार ओळी लिही.

मामा

*

टोर्सन खोरं
२० डिसेंबर

मामा,

तुम्ही चार ओळी मागितल्यात म्हणून लिहितो.

कुबियाकला मी नाही म्हणून कळवलं आहे. त्यानं एक दिवसासाठी फाटक उघडून दिलं. मचाणं माझी होती, ती उतरवून आणली. पूलही काढला. फळ्या माझ्या होत्या. खिळे तुमचे होते, ते उपटून, सरळ करून, कॉफीच्या डब्यात घालून आर्डिसकडं ठेवले आहेत. दोन वाकलेले निघाले, सरळ झाले नाहीत, तेही डब्यात आहेत. वादळातलं लाकूड जिथं रचलं होतं तिथंच आहे. फाटकाची जुनी किल्ली सोबत पाठवतो.

वारा वायव्येचा आहे. बर्फ घोट्याच्या वर. तिरक्या ओकच्या बुंध्यावर पट्ट्याचा वळ राहिला आहे, तो भरून यायला काही वर्षं लागतील.

काल संध्याकाळी मी आणि आई रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून टेकडीकडं बघत बसलो होतो. हीटर चालू होता, तिच्या मांडीवर जेवणाचा डबा होता. उजेड कमी होत आला तेव्हा ती माझ्या बाहीला धरून म्हणाली, "आर्लन, ते बघ." मी काच पुसून बघितलं. एल्मच्या अंगाला. मी बराच वेळ बघत होतो, आणि तीही. मग ती म्हणाली, "ओरिनला लिहिशील ना हे?"

काही दिसलं नाही.

आर्लन